कुत्र्याला गाडीतून नेताना
ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून थांबली, तर मागच्या सीटवर मोकळा बसलेला कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. म्हणून त्याला बांधायलाच हवं. पण गळपट्ट्याने कधीच नाही, झटक्याने मानेला जबर इजा होते. छातीवर रुंद पट्टा असलेला हार्नेस घ्या आणि आखूड पट्ट्याने सीटबेल्टला अडकवा. फिरायला नेण्याचा साधा हार्नेस अशा धक्क्यात तुटू शकतो, तेव्हा अपघात-चाचणी झालेला मिळाला तर चार पैसे जास्त मोजाच. हार्नेसऐवजी पिंजरा वापरणार असाल, तर त्यात त्याला उभं राहता, वळता यावं, आणि पिंजराही गाडीला घट्ट बांधलेला असावा. पुढची सीट नकोच. तिथली एअरबॅग माणसाच्या मापाची असते, कुत्र्याच्या नाही. आणि उन्हात बंद गाडीत त्याला एकटं सोडू नका, काच थोडी खाली असली तरीही.