दंतुर जोड
दोन समाक्ष (एकाच अक्षावरील) दंडगोलांच्या समोरासमोरील टोकांवर दाते व खाचा कापून, एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत बसविले असता होणाऱ्या जोडास ‘दंतुर जोड’ म्हणतात. भाग अक्षाच्या दिशेने सरकवून सोडविता येत असल्यास त्यास कारखान्यात ‘डॉग क्लच’ असे नाव आहे. घर्षणावर अवलंबून नसल्याने या जोडात न घसरता पीळ संक्रमित होतो.

दंडगोलावरील दात्यांचा उपयोग महाराष्ट्रात जुना आहे. उसाच्या लाकडी चरकातील उभ्या रुळांना ‘नवरा-नवरी’ म्हणत. बैलांनी एक रूळ फिरविला की, रुळांवर कोरलेल्या दात्यांमुळे दुसराही फिरे. मंगळवेढा (जि. सोलापूर) हे ज्वारीसाठी प्रसिद्ध असले, तरी तेथे श्री संत दामाजी सहकारी साखर कारखानाही आहे. साखर कारखान्यांतील चरकाचा वरचा रूळ उसाच्या थराप्रमाणे वर-खाली होतो. म्हणून रुळांच्या टोकांवरील दंतचक्रांचे दाते लांब ठेवतात. मात्र हे दाते बाजूने गुंततात, तर दंतुर जोडाचे दाते टोकाशी गुंततात.

संगणकीय आरेखनात (कॅडमध्ये) अशा जोडाची प्रतिकृती करताना दात्याच्या बाजू समांतर काढणे, ही नेहमीची चूक होय. समांतर बाजूंच्या दात्यांमधील खाच अक्षाकडे निमुळती होत जाते. त्यामुळे दाता आत अडकतो. तो बारीक केल्यास केवळ आतील कडेवर टेकतो. तेथे त्रिज्या लहान असल्याने त्याच पिळासाठी अधिक बल येते व कड तुटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही बाजू अरीय (अक्षातून जाणाऱ्या प्रतलांत) असाव्या लागतात.

उदा., बाह्य व्यास ६० मिमी., आतील व्यास ३० मिमी. व दाते ५ असल्यास प्रत्येक दाता ३६° चा होतो. त्याची रुंदी (कंसावर) बाहेर १८·८५ मिमी. व आत ९·४२ मिमी. भरते. अक्षबिंदूपासून वर्तुळपाकळी आखून तेवढा भाग कापावा व ती खाच अक्षाभोवती ७२° च्या अंतराने पाच वेळा घ्यावी. दुसरा भाग समोरासमोर ठेवून ३६° फिरविला की, दाते खाचांसमोर येतात. खाच ३७° ची ठेवल्यास बाहेरील कडेवर एकूण सु. ०·५२ मिमी. मोकळीक मिळते. एका भागाचा आकार दुसऱ्यातून नुसता वजा केल्यास मोकळीक शून्य राहते. असे भाग पडद्यावर जुळतात, प्रत्यक्षात बसत नाहीत.

दात्यांची संख्या विषम घेणे सोयीचे असते. कर्तकाच्या टोकापासून टोकापर्यंतच्या एकाच सरळ फेरीत एका दात्याची एक बाजू व समोरील दुसऱ्या दात्याची बाजू कापली जाते. सम संख्येत समोरचा दाता आड येतो.

जर्मन अभियंता आल्बेर्ट हिर्थ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडात दाते इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे असून त्यांच्या रेषा अक्षाकडे एकवटतात. त्यामुळे दोन्ही भाग दाबून बसविताच आपोआप समाक्ष होतात.