कन्येची लस व आपला संकोच
“मुलगी अवघी बारा वर्षांची, तिला ही लस कशाला?” असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही आम्हांस ऐकू येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा एच्. पी. व्ही. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे कळताच आईबाप संकोचतात. परंतु संसर्गापूर्वी टोचलेली लसच पूर्ण गुणकारी ठरते. म्हणूनच ९ ते १४ हे वय सांगितले आहे. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? शिवाय सुशील कन्येसही विवाहानंतर पतीकडून हा संसर्ग होऊ शकतो. मग लशीत शीलाचा प्रश्न येतो कोठे? देवी काढण्यासही पूर्वी विरोध होताच. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळू लागली आहे. संकोच आपला आणि त्याची किंमत मुलीने द्यावी, हे वात्सल्य नव्हे.