कॅचर म्हणजे विकेटकीपर नव्हे

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. त्यातल्या आठांची तोंडं होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेकडे, असतात. नववा, म्हणजे कॅचर, प्लेटच्या मागे उकिडवा बसून त्या आठांकडे बघत असतो. सगळं मैदान समोर दिसणारा तो एकटाच. तोंडावर लोखंडी जाळी असल्यामुळे प्रेक्षकांना त्याचा चेहरा दिसत नाही आणि त्याचं निम्मंअधिक काम धावफलकावर उमटत नाही. अशा खेळाडूभोवती आख्यायिका लवकर जमतात. काही गैरसमज आपल्याकडे क्रिकेटच्या सवयीमुळे होतात, पण बरेचसे खुद्द अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहेत.

गैरसमज: कॅचर म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर.

दोघेही बॅटरच्या मागे असतात, साम्य तेवढ्यावरच संपतं. क्रिकेटमध्ये चेंडू कसा टाकायचा हे गोलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये पुढचा चेंडू वेगवान हवा की वळणारा, आत की बाहेर, हे बहुतेक वेळा कॅचर सुचवतो आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मान डोलावतो किंवा नकार देतो. वर्षानुवर्षं हे मांड्यांच्या आडोशाला बोटांच्या खुणांनी चालायचं. २०२२पासून मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेत मनगटावर किंवा पॅडवर बांधलेलं बटणांचं यंत्र आलं आणि खुणा चोरण्याचा धंदा बराचसा बसला. कीपरच्या दोन्ही हातांत ग्लोव्ह असतात, तर कॅचरच्या एकाच हातात जाड मिट असतो. दुसरा हात फेकीसाठी मोकळा लागतो. पहिल्या बेसवरचा धावपटू दुसरा बेस चोरायला निघाला, की चेंडू मिटमध्ये आल्यापासून सुमारे दोन सेकंदांत तो जवळजवळ ३९ मीटर लांबच्या सहकाऱ्याच्या हातात पोचवायचा असतो, तोही बसल्या जागेवरून उठून.

डावखुऱ्यांना कॅचर होता येत नाही, असंही पुष्कळ जण मानतात. नियमात असं काहीही नाही. एकोणिसाव्या शतकात जॅक क्लेमेंट्स या डावखुऱ्याने हजाराहून अधिक सामन्यांत कॅचरचं काम केलं. १९८९मध्ये पिट्सबर्गच्या बेनी डिस्टेफानोनेही तीन सामन्यांत ते केलं. अडथळा आहे तो रूढीचा. शिवाय डाव्या हाताने जोरात फेकणारा मुलगा दिसला, की प्रशिक्षक त्याला लगेच पिचर करतात.

गैरसमज: कॅचर म्हणजे अंगापिंडाने दणकट, डोक्याने बेताचा गडी.

या समजाला कॅचरांचा पोशाखही थोडा कारणीभूत आहे. तोंडावरची जाळी १८७७च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या संघात फ्रेड थेयरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून बनवली. नडगीवरचे पॅड १९०७मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या रॉजर ब्रेस्नहनने मैदानात उघडपणे बांधले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पॅडचा शोध त्यानेच लावला असं सांगतात, तेही अर्धवट खरं आहे. मोज्यांखाली लपवून बांधणारे त्याच्या आधीही होते, ब्रेस्नहनने लाज सोडली. या सगळ्या सामानाला अमेरिकन बोलीत ‘अज्ञानाची अवजारं’ म्हणतात आणि हा शब्दप्रयोग मडी रूएल या कॅचरच्या नावावर सांगितला जातो. रूएल स्वतः शिकलेला वकील होता. फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचा संघ १९०१पासून १९५०पर्यंत सलग ५० हंगाम सांभाळणारे आणि व्यवस्थापक म्हणून ३,७३१ विजय मिळवणारे कॉनी मॅक मुळात कॅचर होते. विजयांचा तो विक्रम आजही अबाधित आहे. जो टोरी, ब्रूस बोची, माइक सोशा हे नामवंत व्यवस्थापकही कॅचर म्हणूनच खेळले. सामना बसून वाचायची सवय त्यांना याच जागेने लावली, असं मला वाटतं.

गैरसमज: मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन.

हा गैरसमज सर्वात पसरलेला आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि साठ वर्षांची वर्णबंदी मोडली. त्याच्या धैर्याला तोड नाही. पण त्याच्या ६३ वर्षं आधी, १ मे १८८४ रोजी, मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडो ब्लू स्टॉकिंग्जकडून खेळला होता. टोलेडोचा संघ तेव्हा अमेरिकन असोसिएशनमध्ये होता आणि त्या स्पर्धेला मेजर लीगचा दर्जा आहे. वॉकर ओबर्लिन महाविद्यालयात आणि मिशिगन विद्यापीठात शिकला होता. त्याने ४२ सामने खेळले आणि बॅटिंगची सरासरी .२६३ राखली. त्याच वर्षी त्याचा भाऊ वेल्डीही काही सामने खेळला. याच्याही आधी, १८७९मध्ये, विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा खेळाडू प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना खेळला होता. त्याची आई गुलामगिरीत जन्मलेली होती, पण तो गोरा म्हणून वावरला. आपली ओळख न लपवता खेळला तो वॉकरच.

त्याच्या वाट्याला काय आलं, हे त्याच्याच संघातल्या पिचरने पुढे कबूल केलं. टोनी मलेन म्हणाला होता, की वॉकरसारखा कॅचर मी पाहिला नाही, पण मला काळ्या माणसाचा तिटकारा होता, म्हणून मी त्याच्या खुणांकडे न बघता मनाला येईल तो चेंडू टाकायचो. कॅचरच्या जागी बसून याचा अर्थ समजून घ्या. आजच्यासारखे जाड मिट तेव्हा नव्हते. वेगवान चेंडू येणार म्हणून हात ठेवावा आणि वळणारा यावा, किंवा याच्या उलट व्हावं. बोटं मोडायला दुसरं काही लागत नाही. वॉकर तशाही स्थितीत, खुणांशिवाय, चेंडू झेलत राहिला. रिचमंडहून टोलेडोच्या व्यवस्थापकाला पत्र आलं, की वॉकर खेळायला आला तर ७५ जणांचा जमाव त्याच्यावर चाल करून जाईल. १८८७नंतर संघमालकांनी संगनमताने कृष्णवर्णीयांना दारं बंद केली. त्यासाठी लेखी नियम करण्याची गरज कुणाला वाटली नाही. इतिहासाची पुस्तकं ‘आधुनिक काळातला पहिला’ असा शब्द रॉबिन्सनसाठी वापरतात, तेव्हा ‘आधुनिक’ या विशेषणामागे वॉकर दडलेला असतो. त्याचं नाव रॉबिन्सनच्या बरोबरीने घेतलं गेलं पाहिजे.

गैरसमज: जॉश गिब्सनने ८०० होम रन मारले.

वर्णबंदीच्या काळात कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीग होत्या आणि त्यांतला सर्वात जबरदस्त फटकेबाज म्हणजे होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा कॅचर जॉश गिब्सन. हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश १९७२मध्ये झाला. तिथल्या फलकावर जवळपास ८०० होम रनचा, म्हणजे षटकारासारख्या फटक्यांचा, उल्लेख आहे आणि तोच आकडा सगळीकडे फिरतो. त्यात गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतले फटकेही धरलेले आहेत. लीगच्या अधिकृत सामन्यांतले, कागदोपत्री सिद्ध झालेले होम रन दोनशेच्या आत आहेत.

आकडा उतरला म्हणून गिब्सन लहान होत नाही. नीग्रो लीगचे हंगामच छोटे असायचे आणि पोट भरण्यासाठी संघांना उरलेले महिने गावोगाव सामने खेळत हिंडावं लागायचं. मेजर लीगने डिसेंबर २०२०मध्ये १९२० ते १९४८च्या नीग्रो लीगना मेजर दर्जा दिला आणि मे २०२४मध्ये त्यांची आकडेवारी आपल्या नोंदींत मिळवली. तेव्हा गिब्सनची कारकिर्दीतली सरासरी .३७२ निघाली आणि तोवरचा विक्रमवीर टाय कॉब याची .३६७ मागे पडली. एका हंगामातला .४६६ हा १९४३चा उच्चांकही त्याच्याच नावावर आला. यावर आक्षेप घेणारे म्हणतात, की कॉब तीन हजारांवर सामने खेळला आणि गिब्सन जेमतेम सहाशेच्या आसपास. हिशेब म्हणून ते खरं आहे. पण उरलेले सामने त्याला खेळू कुणी दिले नाहीत, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं.

मेजर लीगने बोलावलं नाही म्हणून गिब्सन झुरून मेला, असं हळहळत सांगितलं जातं. त्याच्या मेंदूत गाठ असल्याचं निदान १९४३मध्येच झालं होतं. २० जानेवारी १९४७ रोजी पक्षाघाताने तो गेला, तेव्हा तो अवघ्या ३५ वर्षांचा होता. रॉबिन्सनचा पहिला सामना त्यानंतर तीन महिन्यांनी झाला.

गैरसमज: कॅचर मो बर्गने काढलेल्या चित्रफितीवरून टोकियोवर बॉम्ब पडले.

बर्गची खरी गोष्टच इतकी विलक्षण आहे, की तिला जोड द्यायची गरज नाही. प्रिन्स्टनचा पदवीधर, कोलंबियात कायदा शिकलेला, अनेक भाषा जाणणारा हा कॅचर खेळाडू म्हणून सामान्यच होता. ६६३ सामने, सरासरी .२४३, कारकिर्दीत सहा होम रन. १९३४मध्ये बेब रूथसारख्या दिग्गजांबरोबर तो जपानला गेला. तिथे एका बाळंतिणीला भेटायच्या निमित्ताने सेंट ल्यूक रुग्णालयात शिरला, तिला न भेटताच गच्चीवर चढला आणि टोकियोचं चित्रीकरण केलं. एप्रिल १९४२मध्ये डूलिटलच्या अमेरिकन विमानांनी टोकियोवर केलेल्या हल्ल्यात त्या फितीचा उपयोग झाला, असं सांगतात. तसा पुरावा सापडलेला नाही. पुराव्याने सिद्ध आहे ती पुढची कामगिरी. डिसेंबर १९४४मध्ये अमेरिकेच्या हेरखात्याने त्याला झुरिचला, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्गच्या व्याख्यानाला पाठवलं. खिशात पिस्तूल होतं. जर्मनी अणुबॉम्बच्या जवळ पोचल्याचं दिसलं तर या शास्त्रज्ञाला तिथेच गोळी घालायची होती. बर्गने ऐकलं, अंदाज घेतला आणि पिस्तूल खिशातच ठेवलं.

न्यूयॉर्क यँकीजचा कॅचर योगी बेरा याचं नाव ‘योगी बेअर’ या कार्टून अस्वलावरून पडलं, असं वाटणारे आपल्याकडेही भेटतात. ते अस्वल १९५८मध्ये पडद्यावर आलं. तोवर बेरा तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मूळचा लॉरेन्स बेरा. सेंट लुइसमधल्या त्याच्या मित्राने सिनेमात भारतातला एक योगी पाहिला आणि हातपाय दुमडून बसणारा बेरा त्याला तसाच वाटला. नाव चिकटलं ते कायमचं. त्याच्या नावावर फिरणारी कित्येक विनोदी वाक्यं त्याची नव्हतीच, हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय. त्या वाक्यांमुळे तो विदूषक ठरला, हे मला खटकतं. जून १९४४मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर नौदलाच्या रॉकेट नौकेवर होता. खेळाडू म्हणून त्याने जिंकलेल्या दहा वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकांचा, विक्रम अजून मोडलेला नाही. १९५०च्या पूर्ण हंगामात तो फक्त १२ वेळा स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला; तितक्या वेळा आजचे बॅटर दोन आठवड्यांत होतात. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी यँकीजचा पिचर डॉन लार्सनने वर्ल्ड सिरीजमध्ये २७ बॅटर ओळीने बाद केले, तेव्हा ते ९७ चेंडू झेलणाराही बेराच होता.

एका क्षणावरून अख्खी कारकीर्द ठरवण्याचा अन्यायही कॅचरांवर बराच झाला आहे. ५ ऑक्टोबर १९४१ला ब्रुकलिनच्या मिकी ओवेनच्या हातून तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू निसटला आणि त्यामुळे बाद व्हायचा तो यँकीजचा टॉमी हेन्रिक पहिल्या बेसवर पोचला. ओवेनमुळे वर्ल्ड सिरीज गेली, असं तेव्हापासून म्हटलं जातं. त्या वेळी ब्रुकलिन ४-३ने पुढे होतं आणि अजूनही एकच बळी हवा होता. पिचर ह्यू केसीला पुढच्या चार बॅटरपैकी एकालाही बाद करता आलं नाही. १९७०च्या ऑल-स्टार सामन्यात पीट रोझ अंगावर आदळला आणि कॅचर रे फॉसीची कारकीर्द तिथेच संपली, हेही खरं नाही. खांद्याच्या दुखापतीने त्याच्या फटक्यातला जोर गेला, हे मात्र खरं. त्या सामन्याआधी त्याचे १६ होम रन होते, उरलेल्या हंगामात दोनच झाले. तरी तो १९७९पर्यंत खेळला आणि ओकलंडबरोबर दोन वर्ल्ड सिरीज जिंकला. १९७५मध्ये बॉस्टनच्या कार्लटन फिस्कने चेंडूला हातवारे करत आत ढकलत मारलेला मध्यरात्रीचा होम रन सगळ्यांना आठवतो. त्याने सहावा सामना जिंकला, मालिका नव्हे. सातवा सामना आणि विजेतेपद सिनसिनाटीने नेलं.

राहता राहिला कॅचरला बॅटिंग येत नाही हा समज. जो मॉअरने २००६, २००८ आणि २००९मध्ये अमेरिकन लीगचं सरासरीचं अग्रस्थान पटकावलं. १९८८च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत बासष्टाव्या फेरीत कसाबसा घेतला गेलेला माइक पियाझा ४२७ होम रन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०२५मध्ये सिअॅटलच्या कॅल रॅलीने एका हंगामात ६० होम रन मारले.

२०२६पासून मेजर लीगमध्ये स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोय झाली आहे. हा अधिकार फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर यांना आहे, डगआउटमधल्या कुणालाही नाही. पुढचा सामना बघाल तेव्हा चेंडू सुटायच्या आधी कॅचरने मिट कुठे धरलाय ते बघा, आणि मग चेंडू कुठे येतो ते बघा. सामना कुणाच्या डोक्यातून चाललाय, ते दोन-तीन डावांतच कळेल.