बुलढाण्यावरचा लाल पट्टा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयनांबराचा नकाशा मोबाईलवर उघडला आणि आपला जिल्हा लाल दिसला, की वाटते, वर फार तापले असावे. या लालीचा तापमानाशी संबंध नाही. ढगांच्या कितीतरी वर, आयनांबरात, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरपासून पुढे, सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. उपग्रहाचा संदेश त्यांतून येताना रेंगाळतो. एक चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन, म्हणजे एक ‘टीईसी’ एकक; नकाशातले रंग हीच एकके दाखवतात. जीपीएसच्या मुख्य लहरीवर एका एककामागे अंतर सुमारे १६ सेंटीमीटर चुकते.

लाल म्हणजे धोका, हा समज सगळ्यांत खोल रुजलेला आहे. रंग ठरवते ती निवडलेली मोजपट्टी. समजा, दुपारी बुलढाण्यावर ३८ एकके आहेत. पट्टी ० ते ४० ठेवली तर जिल्हा लालभडक दिसेल, ० ते १२० केली तर तोच निळसर. चूक दोन्ही वेळा सहा मीटरच. पट्टी आपोआप बदलू दिली तर शांत रात्रीसुद्धा सर्वांत मोठा आकडा लाल होतो, मग तो अवघा दहा का असेना. माझ्या मते या नकाशांनी होणारी निम्मी घबराट इथेच जन्मते. दोन दिवसांची तुलना करायची तर पट्टी एकच हवी.

हा नकाशा म्हणजे उपग्रहाने काढलेला फोटोही नव्हे. जमिनीवरच्या केंद्रांनी उपग्रहांचे संदेश टिपून केलेला तो हिशेब आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या, जीपीएसची चूक दुरुस्त करणाऱ्या ‘गगन’ प्रणालीचे असे एक केंद्र नागपूरला आहे. गगन पाच-पाच अंशांच्या जाळीवर विलंबाचे आकडे देते. आपल्या चौकोनाचे कोपरे साधारण छत्रपती संभाजीनगर, गडचिरोली, चितोडगड आणि खजुराहो यांच्या आसपास पडतात. मधल्या बुलढाण्याचा आकडा या चारांवरून काढला जातो. लोणार सरोवर मात्र २० अंशांच्या रेषेच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे खालच्या चौकोनात. शिवाय बुलढाण्यातून दक्षिणेला ३० अंश उंचीवरचा उपग्रह पकडला, तर त्याचा संदेश हिशेबात धरलेला ३५० किलोमीटर उंचीवरचा थर आपल्या डोक्यावर नाही, पाचशे किलोमीटर दूर, बेळगावच्या अक्षांशाजवळ ओलांडतो.

मलकापूर एका रंगात आणि मेहकर दुसऱ्या रंगात का दिसते? दिवसा देशाच्या दक्षिण टोकाजवळच्या चुंबकीय विषुववृत्तावरून इलेक्ट्रॉन वर उचलले जातात, चुंबकीय रेषांवरून उत्तरेकडे उतरतात आणि बहुधा अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात साचतात. आपला जिल्हा त्या ढिगाच्या उतारावर आहे. रंगांमधली रेघ ही भिंत नव्हे, चढ आहे. घाटाखाली आणि घाटावर असा भेद आकाशात नाही.

पावसाचे ढग किंवा लोणारचे चुंबकीय दगडही या रंगांना कारण नाहीत.

जमीन मोजणीचे जीपीएस यंत्र (रोव्हर) दोन लहरी वापरत असेल तर हा विलंब बहुतांश वजा होतो. खरा त्रास सूर्यास्तानंतर होतो. विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आयनांबरात पोकळ्या उठतात आणि संदेश लुकलुकतो. शेताच्या बांधाची मोजणी तेव्हा टाळावी.

नकाशावरची वेळ बहुधा जागतिक असते. ०८:३० म्हणजे आपले दुपारचे दोन. तो कुणाला पाठवाल तेव्हा ती वेळ आणि कडेची मोजपट्टी कापून टाकू नका.