ब्रिगेन: आगीतून वाचलेली, पाण्यावर तगलेली

नॉर्वेतल्या बर्गन शहरात, वॉगेन बंदराच्या पूर्व काठावर, तांबड्या-पिवळ्या-पांढऱ्या लाकडी घरांची रांग उभी आहे. ब्रिगेन तिचं नाव. बंदरावरून दिसतात त्या फक्त त्रिकोणी माथ्याच्या दर्शनी भिंती. घरं खरी पसरली आहेत मागे, खोलवर. मधे लाकडी फळ्यांचा अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना घरं, वरच्या मजल्यांचे सज्जे बोळावर झुकलेले.

1360 च्या सुमारास हान्झा या जर्मन व्यापारी संघानं इथे पेढी थाटली. उत्तर नॉर्वेतून वाळवलेला कॉड मासा यायचा, तिकडे धान्य जायचं. ही पेढी 1754 पर्यंत चालली. वस्ती निव्वळ पुरुषांची, कारण व्यापाऱ्यांना लग्नाची मुभा नव्हती. आगीच्या धास्तीनं घरांत विस्तवही नसे. स्वयंपाक आणि ऊब यांची सोय मागच्या वेगळ्या इमारतींत, मौल्यवान माल दगडी कोठारांत.

तरीही 1702 मध्ये सगळं जळालं. लोकांनी त्याच जागी, त्याच जुन्या आखणीवर पुन्हा घरं बांधली. म्हणजे आजचं लाकूड बहुतांश अठराव्या शतकातलं, आराखडा मात्र मध्ययुगातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रांगेचा दक्षिणेकडचा भाग पाडून तिथे विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. 20 एप्रिल 1944 ला बंदरात स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि छपरं उडाली. 1955 मध्ये पुन्हा आग लागून आणखी एक मोठा हिस्सा गेला. त्या मोकळ्या जागेत आस्बियॉर्न हेर्टेग यांनी उत्खनन केलं, तेव्हा रून लिपीतले शेकडो लेख सापडले. उरलेल्या 62 इमारतींना 1979 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

धोका मात्र टळला नव्हता. तो आता पायाखाली होता. शतकानुशतकं समुद्रात भर टाकत किनारा पुढे सरकवला गेला. या भरावात लाकूड आहे, कचरा आहे, जुन्या आगींची राख आहे. लोणच्यावर तेल असेतो त्याला बुरशी धरत नाही. तसं भूजल या थरांना हवेपासून राखतं. जळालेल्या जागेत नवं बांधकाम झालं, त्याच्या निचऱ्याबरोबर आसपासच्या भूजलाची पातळी उतरली. भरावात हवा शिरली, लाकूड कुजू लागलं, जमीन खचू लागली आणि वरची घरं कलली. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या शहरात पाया पाण्यावाचून ढासळत होता! उपाय म्हणून पावसाचं पाणी गटारात न दवडता जमिनीत मुरवायची व्यवस्था करण्यात आली, आणि पातळी पुन्हा चढू लागली.

वर सुतारांचं काम चालूच असतं. 1962 मध्ये स्थापन झालेला ब्रिगेन प्रतिष्ठान हा न्यास ते पाहतो. घर जॅकवर उचलून तळचे ओंडके बदलतात. भिंतीतला ओंडका पुरता काढत नाहीत. कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे नवं लाकूड सांधतात. कोपऱ्यांतल्या खाचा कुऱ्हाडीनंच घेतात, म्हणजे जुनी हातोटी हातात राहते. भिंत ओळंब्यात आणण्याचा अट्टहास नाही. घरानं घेतलेला बाक धोक्याचा नसेल तर तो तसाच राहतो.

म्हणून ब्रिगेनचं नूतनीकरण कधी पुरं झालं असं म्हणता येत नाही. एका टोकाची दुरुस्ती संपते तोवर दुसरं टोक हात मागतं. या रांगेचा जीर्णोद्धार म्हणजे उद्घाटनाची फीत कापून संपणारं काम नव्हे. तो घरखर्चातला कायमचा रकाना आहे, आणि त्यातला मोठा वाटा पर्यटकांच्या नजरेला कधीच न पडणाऱ्या जमिनीवर खर्ची पडतो.