डर्बनचा समुद्र कुणाचा?

दक्षिण आफ्रिकेत हिंदी महासागराच्या काठी डर्बन हे मोठे बंदर आहे. उत्तरेकडून येणाऱ्या अगुल्हास प्रवाहामुळे तिथले पाणी थंडीतही उबदार असते. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी नेलेले हिंदी मजूर १८६० साली याच बंदरात उतरले. पण त्यांच्या पुढच्या पिढ्यांना याच शहराच्या चांगल्या किनाऱ्यांवर पाय भिजवायची बंदी झाली!

१९५३ साली तिथल्या गोऱ्या सरकारने वेगळ्या सार्वजनिक सोयींचा कायदा केला. सोयी वेगळ्या असाव्यात, त्या सारख्या असण्याची गरज नाही, अशी मुभा कायद्यातच होती. आपल्याकडे हे पोथीत होते, तिथे सरकारी गॅझेटात आले, एवढाच फरक. डर्बनच्या वाळूत इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू भाषेत पाट्या उभ्या राहिल्या : हा भाग फक्त गोऱ्यांसाठी. खुद्द झुलूंच्या देशात झुलू भाषेत ही पाटी!

१९ ऑगस्ट १९८९ रोजी केपटाऊनजवळच्या गोऱ्यांच्या किनाऱ्यांवर काळे लोक जाणूनबुजून गेले. आर्चबिशप डेसमंड टुटू त्यांच्यात होते. पोलिसांनी कुत्री आणि चाबूक आणले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९९० साली तो कायदा रद्द झाला.

आज डर्बनच्या दक्षिणेला उमकोमास गावाहून होड्या निघतात, त्या अलिवाल शोल या समुद्राखालच्या खडकाकडे. पाठीवर हवेची टाकी बांधून पाणबुडे खाली उतरतात. थंडीत तिथे सुळेदार दातांचे शार्क जमतात. दिसायला भयंकर, पण छेडले नाही तर सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. जवळच १९७४ साली बुडालेले 'प्रोड्यूस' जहाज आहे. त्यात काय भरले होते? उसाची मळी! उत्तरेला मोझांबिकच्या हद्दीकडे सोडवाना बे येथे प्रवाळाची बेटे पाण्याखाली पसरली आहेत. तिथेच २००० साली शंभर मीटरहून खोल पाण्यात पाणबुड्यांना जिवंत सीलाकांथ मासा दिसला. १९३८ पर्यंत शास्त्रज्ञ त्याला कधीच नामशेष झालेला समजत होते.

नामशेष न झालेले आणखीही काही आहे. २०१६ च्या नववर्षाला डर्बनच्या किनाऱ्यावर काळ्या कुटुंबांची गर्दी झाली. ती पाहून एका गोऱ्या बाईने त्यांना माकडे म्हटले. समता न्यायालयाने तिला १ लाख ५० हजार रँड भरायला लावले.

गर्दी मात्र दर नववर्षाला होतेच. आया डबे घेऊन येतात, पोरे लाटांत धावतात. हरवू नयेत म्हणून त्यांच्या मनगटावर ओळखीच्या पट्ट्या बांधतात.