रागाचा रकाना

एमपीथ्री फाईलमध्येच गाण्याची ओळख लिहायची सोय १९९६ साली आली, तेव्हा तिच्या वाट्याला फाईलच्या शेवटचे जेमतेम १२८ बाइट आले. शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, संगीतप्रकाराला तर एकच. त्या एका बाइटमागे ८० प्रकारांची ठरलेली यादी होती. तीत पोल्का होता, ॲसिड जाझही होतं; ख्याल किंवा ठुमरी नव्हती.

पुढे नवी पद्धत आली आणि जागा वाढली. तरी बहुतेक प्लेअर गायक, अल्बम, प्रकार हेच तीन रकाने पुढे करत राहिले. फूबार २००० मात्र आपल्या रसिकाच्या कामाचा निघाला. विनॅम्प या प्लेअरसाठी काम केलेल्या पीटर पाव्लोव्स्की यांनी २००२च्या डिसेंबरात तो विंडोजसाठी आणला. फुकट, आटोपशीर आणि दिसायला अगदीच रुक्ष. विनॅम्पच्या रंगीबेरंगी ‘स्किन्स’च्या काळात ही करडी खिडकी एखाद्या तलाठ्याच्या दप्तरासारखी वाटे. खरं सांगायचं तर अजूनही वाटते.

पण फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. यादीच्या तळाशी नवा रकाना जोडायची ओळ असते. तिथे ‘राग’ जोडा, ‘ताल’ जोडा, हवं तर मैफलीचं गावही. किशोरी आमोणकरांच्या ‘सहेला रे’पुढे ‘भूप’ लिहिलं की झालं. मग आधी राग, त्याखाली गायक अशी उतरंड लावता येते. भूप उघडला की त्यातले सगळे गायक एकाखाली एक हजर. फाईलींची नावंही याच रकान्यांवरून एकगठ्ठा बदलता येतात, आणि बदलण्याआधी जुनं नाव, नवं नाव शेजारीशेजारी दिसतं.

जुगलबंदीचा घोळही सुटतो. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. कलाकारांच्या रकान्यात तीन नावं अर्धविरामाने तोडून लिहिली की फूबार ती तीन वेगवेगळी नावं मानतो, आणि तीच रेकॉर्ड तिघांच्याही नावाखाली सापडते.

विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असले तरी मध्ये खंड न पाडता वाजवणं, जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणांचा आवाज एका पातळीवर आणणं, हेही तो निमूट करतो. रकाने भरायला मात्र स्वतःच बसावं लागतं. नाट्यगीतांचा संग्रह असेल तर गायक, संगीतकार आणि पदकर्ता असे तीन रकाने आधीच करून ठेवावेत. तिघांना ‘कलाकार’ म्हणून एकत्र कोंबलं की शोधताना वैताग येतो.